घोडीचा दिनविशेष

केराबाईंच्या पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नाही. नवी पेठेतल्या आमच्या वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर मी रोज त्या तारखेचा दिनविशेष लिहितो, म्हणून बाईंनी कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं, "मास्तर, माजा धनी बिरप्पा तीन ऑगस्टला गिरणीच्या पट्ट्यात सापडून गेला. त्येचं बी नाव लिवा की. येणारीजाणारी माणसं वाचत्यात."

"एक मजूर मेला, त्याचा कसला दिनविशेष?" आमचे चिटणीस रावसाहेब हसले होते. मीही मान डोलावली, आणि तीन ऑगस्टला फळ्यावर विलायतेतल्या कुणा लॉर्डाची शर्यतीची घोडी वारल्याचं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

यंदा जुलै संपता संपता रावसाहेबांनी मुद्दाम बजावलं, "मास्तर, तीन तारखेला पुन्हा घोडीच लिहा. लोकांना फार आवडली होती."

"बरं," मी म्हणालो.

घरी जाताना पोस्टाच्या पेटीत कार्ड टाकलं:

"केराबाई, तीन तारखेला सकाळी सहाला फळ्यापाशी या. बिरप्पांचं नाव मी मोठ्यानं वाचून दाखवीन. रावसाहेब आठला येतात, आले की पुसतील."