तिसरा झटका

"रोहू पहिले दोनदा नुसता चाखते गा. तिसऱ्या झटक्यालेच ओढजो," रामाजीनं मला शिकवलं होतं.

चौऱ्याहत्तर साली एका रविवारी दुपारी कोराडीच्या तलावावर तो तंबाखूचे हात धुवायला झुडपामागे उतरला. इकडे माझ्या गळाच्या दोरीला दोन झटके बसले. मी तिसऱ्याची वाट पाहत बसलो.

संध्याकाळी त्याला पाण्यातून काढलं, तेव्हा माझी दोरी त्याच्या मुठीत होती.

मी पुन्हा गळ टाकला नाही. पण घरात खुंटीवर टांगलेल्या त्याच गळाच्या काठीला दर रविवारी दुपारी दोन झटके बसतात.

आज तिसरा बसला.

"ओढा नं, काहून थांबले?" बायको म्हणाली.

मी जरा उशिरानंच ओढली. ओली दोरी सरसर हातात आली. पलीकडची मूठ सुटली होती.