बाबांच्या नावाचा खडक

बाबांनी तीस वर्षं आमच्या बंदरात मोठमोठी जहाजं सुखरूप आत आणली. समुद्रातल्या एका खडकाला त्यांचं नाव आहे, हे मी शाळेत भेटेल त्याला ऐकवायचे. आता निवृत्तीनंतर ते कॉम्प्युटरवर दोनशे वर्षांपूर्वीच्या आरमारी लढाया खेळतात आणि मला शेजारी बसवून धडे देतात.

आजची लढाई नेमकी आमच्याच बंदराच्या तोंडाशी होती. शत्रूची गलबतं पळत सुटली होती, वारा आमच्या बाजूने होता, आणि बाबांनी अख्खं आरमार लांबच्या वळशाने न्यायला घेतलं.

"अहो बाबा, सरळ घाला ना! हातातली लढाई निसटतेय."

"मधे माझा खडक आहे."

"या नकाशात कुठेय?"

"कसा असेल? तेव्हा तो कुणाला ठाऊकच नव्हता."

शत्रू त्याच जागेवरून आरामात निघून गेला. माझं डोकंच फिरलं.

"मग तुम्हाला बरा सापडला!"

बाबांनी माउसवरचा हात हलवला नाही, की मान वळवली नाही.

"सापडला जहाजाला," ते म्हणाले. "मी नुसता सुकाणूपाशी उभा होतो."