मोसमातली तिसरी मॅच

"काढून टाका त्याला," शेजारचे कारखानीसकाका टीव्हीवर चिवड्याचा चमचा रोखून म्हणाले. अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या मोसमातली तिसरी मॅच चालू होती आणि बाबांच्या लाडक्या संघाने वाजतगाजत आणलेल्या नव्या खेळाडूचा सातव्यांदा नेम चुकला होता. "दिवाळीतला फुसका बार नुसता."

"कारखानीस, अजून एकोणऐंशी मॅच बाकी आहेत," बाबा म्हणाले. "नव्या घरात माणूस बावचळतो. एवढ्यातेवढ्यावरून त्याची पारख करायची नसते."

बाबांच्या अंगी एवढी क्षमा आहे, हे चहा घेऊन आलेल्या त्यांच्या लेकीला, केतकीला, नवीनच होतं. महिन्यापूर्वी याच सोफ्यावर तिने विहंगला आणून बसवलं होतं. घाबरून त्याने बाबांना दोनदा 'सर' म्हटलं आणि कपभर चहा त्यांच्या लेंग्यावर सांडला. तो फाटकाबाहेर पडायच्या आत निकाल लागला होता, "हा जावई चालणार नाही." तेव्हापासून घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती.

"बाबा," तिने ट्रे ठेवत शांतपणे विचारलं, "विहंगला किती मॅच मिळाल्या?"

बाबांनी रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज वाढवला.

"आता वाढवून काय उपयोग?" कारखानीसकाका म्हणाले. "प्रश्न मला ऐकू आलाय."

पडद्यावर नव्या खेळाडूने आठवा चेंडूही बाहेर घालवला. बाबांनी टीव्हीचा आवाज पुन्हा कमी केला.

"रविवारी सकाळी मॅच आहे," ते शेवटी म्हणाले. "बोलव त्याला. चहा मात्र अर्धा कपच दे."