गिअरबॉक्सचा आवाज

ओंडके ओढणारं ते जुनं धूड दुसऱ्या गिअरात टाकलं की असं किंचाळायचं, की समोरच्या झाडीतले सगळे पक्षी उडून जायचे. मिस्त्रींची तपासायची पद्धत ठरलेली. लोखंडी गजाचं एक टोक गिअरबॉक्सवर, दुसरं कानाला. दुखणं सापडलंच म्हणून समजा. आयुष्यभर त्यांनी या कानावरच पोट भरलं होतं.

या धुडाने मात्र त्यांना जेरीस आणलं. तेल बदललं, तेव्हा आवाज थोडा उतरला. क्लच प्लेटा बदलल्या, तेव्हा आणखी उतरला. मिस्त्रींना हुरूप आला. यंत्र चालवणारा त्यांचा साडू "काही फरक नाही" असं पुटपुटायचा, पण तो हल्ली सगळंच पुटपुटायचा. घरी बायकोलाही तीच खोड लागली होती.

आज नवं बेअरिंग बसवून, चाकं जॅकवर उचलून मिस्त्रींनी गज कानाला लावला आणि हात वर केला. साडूने गिअर टाकला. गज हातात थरथरला, पण आवाज नावालाही नाही!

"जिंकलो!" मिस्त्री पोरासारखे हसले.

साडू दोन्ही कान दाबून खाली उतरला आणि अगदी जवळ येऊन, गळ्याच्या शिरा ताणून काहीतरी सांगू लागला.

"अरे, नुसते ओठ काय हलवतोस? बोल की!" मिस्त्री म्हणाले, आणि साडूच्या खांद्यावरून त्यांची नजर झाडीकडे गेली. पक्षी वर घिरट्या घालत होते. एकही खाली बसत नव्हता.