डावखुरी राणी

"आन् मंग राणीनं तलवार उपसली!" असं म्हणत गेनबानं ओट्यावरची काठी उचलली आणि डोक्यावरून गरागरा फिरवली. शेजारी बसलेल्या रखमाजीचं पागोटं थोडक्यात बचावलं.

भोरचा रामनवमीचा उत्सव सरून आठ दिवस झाले होते, तरी पासली गावात शिनेमाशिवाय दुसरा विषय नव्हता. उत्सवात तंबू लागला होता आणि पाचही दिवस एकच शिनेमा दाखवला होता. गेनबा आणि शेजारचा रखमाजी म्हातारा शेवटच्या दिवशी तो पाहून आले, आणि तेव्हापासून रोज दिवेलागणीच्या आत त्यांचं भांडण ठरलेलं. गेनबाचं म्हणणं, सगळ्यात झकास काम केलं ते घोड्यानं. रखमाजी म्हणे, घोडा बरा होता, पण राणी म्हणजे मिशा काढलेला बाप्या. चालच सांगत होती. आता रखमाजी निम्मा शिनेमा घोरत होता, हे सगळ्या गावाला ठाऊक. पण मत द्यायला जागं कशाला राहावं लागतंय!

आत सोप्यात गेनबाची आई आणि बायको, सासू-सून, भात कांडत होत्या. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. सगुणा खाली मान घालून कांडत होती आणि ओठ दाबून धरत होती. कारण तो शिनेमा तिनंही पाहिला होता. चोरून.

पाडव्याला ती शिवऱ्याला माहेरी गेली होती. तिथून भावजयीबरोबर बैलगाडीनं रामाच्या दर्शनाला भोरला गेली, आणि दर्शन झाल्यावर दोघी तोंडाला पदर लावून तंबूत शिरल्या. काय तो पडदा, काय ती राणी! पण हे सांगायचं कुणाला? तिची सासू धोंडाबाई त्याच उत्सवाला गावच्या बायकांबरोबर जाऊन आली होती, आणि घरात पाऊल टाकताच तिनं बजावलं होतं, "म्या त्या तंबूकडं मान वळवून बी पायलं न्हाई. माज्या घरातली बाई तितं गेली, तर तिचं म्हायार बंद!" धोंडाबाईचा शब्द म्हणजे शब्द. आणि अक्षयतृतीयेला, पंधरा दिवसांवर, सगुणाच्या पाठच्या बहिणीचं लग्न होतं. एकच बहीण. तिच्या अंगाला हळद लागायची आणि आपण इथं भात कांडत बसायचं, या विचारानंच सगुणाला रडू यायचं.

म्हणून सात दिवस ती गप्प राहिली. पण नवरा रोज तीच चूक करायचा, रोज! आणि रोज तिच्या जिवाची नुसती तगमग व्हायची. आठव्या दिवशी काठी पुन्हा उजव्या हातात गेली, आणि सगुणाचा धीर सुटला.

"अवं, तसं न्हवं! डाव्या हातात हुती की तलवार!"

एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण मुसळ भिंतीला टेकवून बयेनं कोंडा गोळा करायची केरसुणी डाव्या हातात घेतली, तीनदा गरागरा फिरवली, डोळे वटारले आणि राणीसारखी मान उडवली. मग ती भानावर आली. केरसुणी तिच्या हातातून गळून पडली.

"डाव्या?" गेनबा चक्रावला. "येडी का काय तू! म्या म्होरंच बसलो हुतो. उजवाच हात."

"मला... मला भावजय सांगत हुती," सगुणा पुटपुटली.

रखमाजी खो खो हसत सुटला. म्हातारा शिनेमात झोपला असेल, आत्ता मात्र टक्क जागा होता. "अरं गेनबा, तंबूच्या मदी पडदा. हिकडनं बाप्ये बगत्यात, पल्याडनं बाया. आपल्याला उजवं दिसतंय, ते बायांना डावं. जिला राणी डावखुरी दिसली, ती पल्याड बसलेलीच बाई! आन् मान उडवायची बी भावजयीनंच शिकिवली व्हय?"

सगुणानं पदर पुढं ओढला. डोळ्यांसमोर बहीण उभी राहिली, हळदीच्या पाटावर बसून वाटेकडं बघणारी.

गेनबा रागावला नाही, पण त्याचा चेहरा पडला. "मला बी सांगितलं न्हाईस?" तो हळूच म्हणाला. मग दोघांनीही धोंडाबाईकडं पाहिलं. तिनं कांडणं थांबवलं नव्हतं. उखळात तिचं एकटीचंच मुसळ पडत होतं, धप, धप. रखमाजीचंही हसू विरलं. म्हातारीच्या तोंडून आता काय निघतंय, म्हणून तोही बघत राहिला.

"सगुणे," धोंडाबाई शेवटी म्हणाली, "भनीच्या लगनाला जायचंय न्हवं? मंग मुसळ घे आन् हात चालव."

सगुणाला खरंच वाटेना. तिनं झटकन मुसळ उचललं.

"पर आये," गेनबा बावचळून म्हणाला, "ही तर तंबूत..."

"तू गप बस, गेन्या!" धोंडाबाई कडाडली. "आट दिस झालं, नुसतं खोटं सांगत बसलाय गावाला. डावखुरीच हुती ती! म्या काय आंधळी हाय?"