हत्ती, एक नग

चाकण रस्त्यावरच्या त्या भल्यामोठ्या रिसॉर्टच्या फाटकातल्या हत्तीची अखेर म्हैस झाली. अर्थात कागदोपत्री तसं काही झालेलं नाही, तेव्हा आपणही झालं नाही असंच धरून चालू.

सकाळी साडेदहाला सुजित मेंदीचं झुडूप कातरून घडवलेल्या त्या जनावरासमोर उभा होता. अकराला मुख्य कार्यालयातून विजयश्री मॅडम बागेच्या तपासणीला यायच्या होत्या. त्यांच्या यादीतली पहिलीच ओळ होती : ‘प्रवेशद्वार. हत्ती, एक नग.’ तिथं फुली पडली की बागकामाचा ठेका महिनाअखेरीला संपणार आणि चिमाबाईंसकट नऊ माळी घरी बसणार. बागेचा सुपरवायझर म्हणून सुजितही बसणार होता, पण त्याचं घर लातूरकडं, त्यामुळे त्याला आधी एस.टी.त बसावं लागलं असतं.

खरं तर त्याला भीती वाटायला हवी होती. वाटत होतं ते कुतूहल. सोंड गेली कुठं?

बागेची रया गेली होती, हे काही गुपित नव्हतं. गुलाबांच्या वाफ्यात प्लॅस्टिकचे गुलाब खोचले होते आणि त्यांनाही कुणीतरी नेमानं पाणी घालत होतं. मुलांसाठी बांधलेल्या परीच्या महालामागं गाजरगवत इतकं माजलं होतं, की पाहुणे त्यात उभं राहून हौसेनं फोटो काढत. पण गवत माजतं, फूल वाळतं, हे समजण्यासारखं आहे. हत्तीनं हत्तीपण सोडावं म्हणजे काय?

सुजितनं मोबाइलमधले दीड वर्षाचे फोटो उघडले. इथं यायच्या आधी तो चाकणच्या एका कारखान्यात गिअर तपासायचा आणि तिथली शिस्त त्यानंच बागेत आणली होती. कातरणी झाली की फोटो काढायचा, कालच्या फोटोशी ताडायचा, जुळला की बरोबरची खूण. कारखान्यात ताडून बघायला एक मूळ नमुना कपाटात कुलूपबंद असतो. हत्ती कपाटात मावेना, म्हणून कालचा फोटो हाच नमुना ठरला होता.

पाचशे चाळीस फोटो, पाचशे चाळीस खुणा. पहिल्या फोटोत हत्ती, शेवटच्यात म्हैस. मधे कुठल्या तारखेवर बोट ठेवावं तेच कळेना. पाण्याचा एक फवारा बंद पडला, सोंडेला पाणी मिळेना, ती बोट बोट वाळत गेली. सुळे कातरायची बारीक कात्री मोडली, नवी आली नाही. सुळे वर वाढले आणि झोकात मागं वळले. जूनमधे तर एक दिवस असा होता, की समोर नक्की काय उभं आहे ते कुणालाच सांगता आलं नसतं. त्याही दिवशी खूण होती, आणि खाली सुजितची सही.

मागच्या पायाशी चिमाबाईंची कात्री चालू होती. त्या याच गावच्या.

“मावशी, खरं सांगा. मुद्दाम केलंत ना?”

“म्या न्हाई बा. कालच्यावानी ठिवा म्हनला, कालच्यावानी ठिवली.” दोनदा कात्री वाजली. “पर आमचा गोठा हितंच हुता. ह्या फाटकाच्या अंगाला.”

गोठा रिसॉर्टला गेलेल्या जमिनीबरोबर गेला होता, आणि गोठ्यातली म्हैसही.

मॅडम बरोबर अकराला आल्या. त्यांनी जनावराला एक फेरी मारली, मग उलटी दुसरी मारली. तेवढ्यात मोशीचे एक काका सहकुटुंब फाटकातून आत आले, वाकून पोटाखाली बघते झाले आणि बायकोला म्हणाले की मुऱ्हा जातीची दिसतीय, पहिल्या वेताची. मग चिमाबाईंकडं वळून त्यांनी विचारलं, दूध किती देते.

“सध्या आटलीया,” चिमाबाई मान वर न करता म्हणाल्या.

मॅडमनी यादी काढली. ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोनच रकाने. ‘आहे’ म्हणावं तर खोटं, ‘नाही’ म्हणावं तर मग हे एवढं थोरलं काय उभं आहे?

“सुजित, हे कधी झालं?”

“झालंच नाही मॅडम. रोज तपासलंय.”

त्यानं मोबाइल पुढं केला. मॅडम पहिल्या फोटोपासून शेवटापर्यंत गेल्या आणि शेवटापासून पहिल्यापर्यंत परत आल्या. त्या रागावलेल्या दिसेनात. त्याही तारीखच शोधत होत्या. पंधरा मिनिटांनी त्यांनी मोबाइल परत दिला, पेनाला टोपण लावलं आणि सांगितलं की मुख्य कार्यालयाला लेखी कळव, चारपर्यंत उत्तर आलं तर ठीक, नाहीतर मला फुली मारावी लागेल.

कारखान्यात माल नकाशाबरहुकूम निघाला नाही, तर भंगारात टाकण्याआधी गिऱ्हाइकाला एक अर्ज करतात : आहे तसा चालवून घ्या. सुजितनं असे अर्ज ढिगानं लिहिले होते. एकही मंजूर झालेला त्याला आठवत नव्हता. तो म्हशीच्या सावलीत मांडी घालून बसला आणि लिहायला लागला. शेवटचं वाक्य चिमाबाईंनी सांगितलं. त्यानं फक्त ते जरा सरकारी केलं.

“विषय : हत्ती, एक नग, यात किरकोळ फरक पडल्याबाबत. महोदय, सदर हत्ती हा पुढील आदेश होईपर्यंत म्हैस म्हणून, आहे त्या स्थितीत स्वीकारण्यात यावा. तसेच तिच्या देखभालीसाठी श्रीमती चिमाबाई यांनाच कायम ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती. सदर जनावर दुसऱ्याच्या हाताला उभे राहत नाही.”