साहेब घरी आहेत का?

"वहिनी, द्या आता ते पाकीट. पाचला ऑफिस बंद होतं," शेजारचे कारकून दारातूनच म्हणाले. कोर्टात तीस वर्षं घासून निवृत्त झालेला माणूस. पण आज चप्पल काढून आत यायलाही त्यांना सवड नव्हती.

पाकिटात तिच्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता. तो कर्ज देणाऱ्या कंपनीत पोचला, तर विम्यातून सगळं कर्ज फिटणार होतं आणि घर वाचणार होतं. वर्षाची मुदत आज संपत होती. गेले अकरा महिने दाखला कपाटात चादरींच्या घडीखाली पडून होता, आणि "कुठे ठेवलाय, सापडतच नाही हो" म्हणत तिने कारकुनांना झुलवत ठेवलं होतं.

"एकदा हा पोचला ना, की तुमच्याकडे एक पैसा मागता येणार नाही त्यांना. साधा फोनसुद्धा करता येणार नाही. कायदाच आहे तसा!"

बातमी आनंदाची होती. तिने मान डोलावली, पण पाकीट काही हातातून सुटेना.

वसुलीवाल्याचा फोन रोज दुपारी चारच्या सुमाराला यायचा. "साहेब आहेत का?" काय काम आहे विचारलं, की म्हणायचा, "ते त्यांनाच सांगता येईल, काकू. घरच्यांनासुद्धा सांगायची बंदी आहे आम्हाला." मग ती सांगायची, हे बाहेर गेलेत. कधी केस कापायला, कधी चष्म्याची काडी बसवून घ्यायला, कधी पेन्शनच्या रांगेत. जिवंतपणी ज्या माणसाला खुर्चीतून उठवायला तीन हाका माराव्या लागायच्या, त्याच्या पायाला मेल्यावर नुसती भिंगरी लागली होती. मुलगा फोन करायचा, पण वडिलांचा विषय काढायचा नाही. आईला त्रास नको म्हणून. हे घरी आहेत का, एवढं विचारणारा साऱ्या जगात तो वसुलीवाला एकटाच उरला होता.

"वहिनी, अहो, घर जाईल हातचं!" कारकून काकुळतीला आले.

तिने पाकीट दिलं. ते धडधडत जिना उतरून गेले. नवरा गेला त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. आज कुणीच नव्हतं. आजचा दिवस तिला त्या दिवसापेक्षा जड गेला.

फोन वाजला.

"साहेब आहेत का, काकू?"

"आहेत," ती म्हणाली. "आज घरीच आहेत. पण आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

"बरं बरं, झोपू द्या," पलीकडून तो एकदम आवाज खाली आणून म्हणाला. "उठवू नका."